निशाणी नांगर

जांबोटी
४ सप्टेंबर २०२५

छापील पत्र माझ्या दारात आजवर दोनच आली. एक इलेक्शनचं, एक तुझ्या लग्नाचं. दोन्हीतनं माझं काय भलं झालं न्हाय. आता हे तिसरं तुझं. पोस्टमननं हातात दिलं तवा वाटलं, फॉरेस्टवाल्यांची नोटीस आली, पडलेल्या फणसाला कोयता लावला म्हणून. फोडून बघते तर खाली ‘तुझा सौरव’. तेबी छापलेलं. सही करायला काय झालतं रं? हात झिजतो काय?

मी चौथीतनं शाळा सोडली, म्हसरांमागं जायला माणूस न्हवतं म्हणून. तरी माझी चार अक्षरं मी माझ्या हातानं काढते. तू आयटीआय झालास. तुझं अक्षर म्हणजे दोरी धरून लावलेलं रोप. मास्तर तुझी वही एका हातात धरायचा नि दुसऱ्या हातानं बाकीच्या पोरांना मारायचा, की बघा रवळूच्या पोराचं. ती अक्षरं काय बाजारात इकलीस?

आणि पाकिटावर शिक्का निपाणीचा. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लोखंड ओतणारा माणूस निपाणीला काय करतोय? भरमू म्हणतो, बायकोच्या माहेरात जाऊन बसला असंल. भरमूचं तू जाणतोसच, भावकीतला म्हणून सोसायचा. दुसऱ्याच्या घरातलं त्याला आपल्या घराआधी कळतं. पण आजवर त्याचं फारसं चुकलेलं न्हाय.

चवथीला आला न्हाईस. गणपती भरमूनं डोक्यावरनं आणला. आरोहीच्या परकराचं कापड घेऊन ठेवलंय, त्याला कसर लागायच्या आत पोरीला घेऊन ये.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाचं वर्ष दहा डिसेंबरला भरतं, बुधवार हाय. रवळू मळणीच्या खळ्यावर बसला तो उठला न्हाय, ते तुला सांगायला नको, तूच त्याला उचललंस. वर्षाचं पाणी तू द्यायचं. तू एकटाच पोरगा. दुसरा असता तर तुला एवढं लिहीत बसले नसते.

फोन करू नको. हितं रेंज न्हाय, आणि रेंज आली तर मला ऐकू येत न्हाय. लिहून कळव. हातानं.

आशीर्वाद हाय. शेवटी लिहिला म्हणून कमी समजू नको.

मनुबाई


निपाणी
१५ सप्टेंबर २०२५

ती. आज्जी,
शिरसाष्टांग नमस्कार. शिव्या पोचल्या. घरात सगळ्यांना वाचून दाखवल्या. आरोही अजून ‘हात झिजतो काय’ म्हणत फिरते आहे.

उद्यमबागेतलं काम मी सोडलं. भट्टीची धग सोसेना. निपाणीत सौम्याची आई एकटीच असते, घरात जागा आहे, म्हणून इकडे आलो. तुला आधी कळवायला हवं होतं, चुकलं.

आता मी कंप्युटरवर काम करतो. जुने मोडी कागद असतात ना, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे, त्यांचे फोटो काढून एका संस्थेने ते सगळ्यांसाठी उघडे ठेवले आहेत. पडद्यावर डावीकडे कागद दिसतो, उजवीकडे मी वाचून आपल्या साध्या अक्षरात टाइप करतो. मोडी मी उन्हाळ्यात घरबसल्या शिकलो. मशीन आधी स्वतः वाचून बघतं आणि कच्ची ओळ देतं, पण त्याला खोड आहे. बहुतेक अर्ज ‘कृपा असावी’ असे संपतात. म्हणून शेवट फाटलेला असला की मशीन आपलं ‘कृपा असावी’ ठोकून देतं. आमचा नियम उलटा आहे. जे दिसत नाही ते लिहायचं नाही. जागा मोकळी सोडायची आणि तिथे खूण करायची, की इथे फाटलं आहे.

एकच पान दोघांना देतात. दुसरा कुठे असतो, पुण्यात की परदेशात, मला कळत नाही. माझं वाचन त्याला दिसत नाही, त्याचं मला. मग दोन्ही शेजारी ठेवून बघतात. जुळलं तर पान बंद. नाही जुळलं तर तिसऱ्या वाचणाऱ्याकडे.

परवा आपल्याच घाटातल्या एका बाईचा अर्ज आला. सटवी तिचं नाव. तिच्या मुलाला सरकारी ओझं घेऊन वेठीवर घाटाखाली नेलं, तो परत आला नाही. तो कुठे आहे एवढंच ती विचारते. खाली अक्षर नाही, बांगडी काढली आहे. लिहिता न येणाऱ्या बायका बांगडी काढायच्या, शेतकरी नांगर. आम्ही तिथे लिहितो, ‘निशाणी बांगडी’, ‘निशाणी नांगर’. ती सहीच धरतात. तिच्या अर्जाचा शेवट वाळवीने खाल्लाय. मशीनने तिथेही ‘कृपा असावी’ घातलं होतं. मी ते काढून खूण केली.

दिवसभर टायपिंग करून हाताने लिहायची सवय गेली, म्हणून हे छापील. राग मानू नकोस. डिसेंबरचं बघतो.

तुझा
सौरव


जांबोटी
२८ सप्टेंबर २०२५

‘बघतो’ म्हणजे काय? बघतो कुणी म्हणायचं? तहसीलदारानं. तू त्याचा पोरगा, तुला येतो नाहीतर येत न्हाय एवढंच म्हणता येतं.

चि. सौरव यास आशीर्वाद.

तुझं मशीन मला ओळखीचं वाटलं. आपल्या पंचायतीत असले तीन मेंबर हायत. ठाऊक काय नसतं, पण सगळ्यांच्या आधी बोलतात. आणि मेल्या माणसांची पत्रं वाचायचं काम धरलंस ते ठीक. जित्या माणसाला हातानं दोन ओळी लिहायला मात्र सवय गेली. सासू ताटावरनं उठू देत न्हाय वाटतं. जावई माहेरात राहिला की पहिली त्याची लाज जाते, मग त्याचं अक्षर.

त्या सटवीचं मला झोंबलं. पोरगं ओझ्याखाली गेलं, नि ती ‘कृपा असावी’ कशाला म्हणंल? मला विचारशील तर त्या वाळवीनं खाल्लेल्या जागी तिनं शिवी घातली असणार. लिहिणारा कारकून घाबरला असंल. पण तू म्हणतोस दिसत न्हाय ते लिहायचं न्हाय, तर न्हाय. तेवढं तुझं मला पटलं.

तिला उत्तर मिळालं का? हे पहिलं लिहून पाठव.

आणि दुसरं. तुझ्या पत्रात भट्टीची धग सोसेना असं लिहिलंयस. सहा वर्सं सोसली, तवा काय भट्टी थंड होती? तिथं काय तरी फाटलंय, सौरव. आणि तू तिथं खूण केलेली न्हाय. मशीनवानी ठोकून दिलंयस.

म्हणून सरळ इचारते, सरळ लिही. दहा डिसेंबरला येणार का? येणार नसशील तर का?

मनुबाई


जांबोटी
२८ सप्टेंबर २०२५

सौम्या पोरी,
हे पत्र तुझ्या आईच्या नावानं पाठवतेय. सौरवला दाखवू नको. दाखवलंस तर मला कळंल, कसं ते इचारू नको.

तो बापाच्या वर्षाला येणार का? येणार नसंल तर का? एवढंच लिही. नमस्कार-चमत्कार नकोत.

मनुबाई


निपाणी
१० ऑक्टोबर २०२५

ती. आज्जीस नमस्कार.

मला येता येणार नाही. हा सगळा गठ्ठा डिसेंबरअखेर पुरा करून द्यायचा आहे आणि आमच्यातले दोघे सोडून गेले. रजा कुणालाच नाही. जांबोटीत रेंज नसल्याने तिथून काम करता येत नाही, नाहीतर आलो असतो. बाबांचं पाणी भरमूकाकांच्या हातून द्यावं. भावकीतला माणूस चालतो, मी इथल्या भटजींना विचारलं आहे.

सटवीच्या उत्तराचं शोधलं. मिळालं नाही. या गठ्ठ्यात फक्त आलेले अर्ज आहेत, गेलेली उत्तरं नाहीत. ती दुसरीकडे असतील, किंवा नसतीलही. मी पाचशेच्या वर अर्ज वाचले, एकाचंही उत्तर मला दिसलेलं नाही.

बाकी सगळे खुशाल. भट्टीबद्दल उगाच शंका घेऊ नकोस.

सौरव


निपाणी
११ ऑक्टोबर २०२५

ती. आज्जींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही नको म्हणालात तरी नमस्कार लिहिते, सवय आहे.

ह्यांना मणक्याचा त्रास सुरू झाला आहे. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद सांगितला आहे, म्हणून डिसेंबरला येणं जमणार नाही. काळजी करण्यासारखं नाही. कामाचं काही नाही, काम ते कधीही करू शकतात, कुणाची सक्ती नाही.

मी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जाते, म्हणून लिहायला उशीर झाला. आरोही तुमची आठवण काढते. ती आता माझ्याजवळच झोपते, बाबांजवळ जात नाही. मोठी होते आहे.

तुमची
सौम्या


जांबोटी
२५ ऑक्टोबर २०२५

दोघं मिळून मला एक धड खोटं सांगता येत न्हाय, ही तुमची लायकी.

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा. सौरव, तुला इचारलं तेच मी सौम्यालाबी इचारलं, तुला न सांगता. तूच शिकवलंस. एक पान, दोन वाचणारे, एकाचं दुसऱ्याला दिसू द्यायचं न्हाय. दोन्ही पत्रं चुलीच्या कट्ट्यावर शेजारी ठेवली. तुझ्यात रजा न्हाय. तिच्यात कामाची सक्ती न्हाय, मणका हाय. तुझ्यात मणका न्हाय. तसा तो आधीपासनंच न्हाय म्हणा.

जुळलं न्हाय. आता पान तिसऱ्याकडं जातंय. भरमू नव्या भाताचे तांदूळ घेऊन पुढल्या पंधरवड्यात निपाणीला येतोय. त्याला सांगितलंय, नुस्तं बघून यायचं, बोलायचं न्हाय. बघायचं त्याला जमतं. दुसऱ्याचा भरवसा मी देत न्हाय.

सौम्या, तू ग्रॅज्युएट झालेली पोरगी. तंबाखूच्या वखारीत खोकत बसायचं काय कारण पडलं? नवरा कंप्युटरवर एवढा कामात असताना? ह्याचं उत्तर नको. भरमू आणंल.

मनुबाई


निपाणी
१२ नोव्हेंबर २०२५

आज्जी,

भरमूकाका काल येऊन गेले. दारात तांदळाचं पोतं त्यांनी माझ्याकडे केलं. मी डाव्या हाताने धरलं. ‘दुसरा लाव की रं,’ म्हणाले. दुसऱ्या हाताला मी टॉवेल गुंडाळलेला असतो, तो हात मी पाठीमागे ठेवला. पोतं सुटलं. तांदूळ पायरीवर सांडले. आरोही गोळा करायला धावली आणि तांदूळ वेचता वेचता म्हणाली, ‘बाबाला बोटं नाहीत.’

काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. खाली बसून सगळे तांदूळ भरले, चहा न घेता गेले. त्यांनी तुला काय सांगितलं मला ठाऊक नाही. मी माझं सांगतो, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवता येतील.

मे महिन्यात साचा दाबायच्या मशीनखाली उजवा हात गेला. अंगठा, आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. उरलेली दोन आहेत, ती वळत नाहीत. ते मशीन थांबवायचा दांडा सटकतो हे सगळ्या पाळ्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात मी धड शुद्धीत नव्हतो तेव्हा ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. डावा अंगठा शाईत बुडवून त्यानेच टेकवला. सौम्याने तो कागद नंतर वाचला. त्यात लिहिलंय, मी सुट्टीच्या दिवशी घरी कडबा कापायच्या यंत्रात हात घातला. बेळगावात भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर, कडबा कापायचं यंत्र.

दुसऱ्याच्या अर्जातला एक फाटका शब्द शोधायला मी अख्खा दिवस घालवतो. माझा कागद मी वाचला नाही.

मोडी तेव्हाच शिकलो, पडल्या पडल्या. या कामात कुणी तोंड बघत नाही, हात बघत नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतो. त्याचे पैसे मिळत नाहीत. ते काम हौशी लोकांचं आहे, तेही तुला मी खोटंच सांगितलं. घर वखारीवर चालतं.

डाव्या हाताने लिहून बघितलं होतं, तुलाच. माझं नाव मला वाचता येईना. तो कागद फाडला आणि छापील पाठवला. तुला माझं अक्षर ठाऊक आहे.

आणि पाण्याचं. पितरांना पाणी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधून सोडतात. तीच जागा गेली. आजोबांच्या वेळी बाबांनी मला घाटावर शेजारी बसवून ते दाखवलं होतं, बोटं कशी धरायची. मी कुठल्या हाताने बाबांसमोर बसू? आरोही या हाताचा घास खात नाही. बाबा कसे घेतील?

भरमूकाकांना पुढे घे. मला मेल्यात धर.

सौरव


जांबोटी
१७ नोव्हेंबर २०२५

भरमूचं नि तुझं जुळलं. पान बंद.

भरमूनं येऊन सांगितलं नि तसाच खळ्यावर जाऊन बसला. दोन दिवस गावात कुणाला काय बोलला न्हाय. लोक मला इचारायला लागले, भरमू आजारी हाय काय.

कडबा कापायचं यंत्र! आपण भाताचं पिंजर विळ्यानं कापणारी माणसं. शुद्धीत न्हवतास म्हणतोस म्हणून त्या अंगठ्याची तुला शिवी घालत न्हाय. मेपासनं नोव्हेंबरपर्यंत शुद्धीत हायस, त्याची घालते. ती तोंडी.

मेल्यात धर वगैरे नाटकं माझ्यापुढं नकोत. जेवढा हात उरलाय तेवढ्यातनं पाणी सोडायचं. भटजीला मी बघते. दहा डिसेंबर, बुधवार. भरमू स्टॉपवर उभा राहील. ये.

मनुबाई


निपाणी
१३ डिसेंबर २०२५

ती. आज्जींना नमस्कार.

ते तुमच्याकडे आले नाहीत हे तुम्हाला दिसलंच असेल. खोटं लिहायचं नाही असं ठरवून लिहिते.

नऊ तारखेला सकाळी पिशवी घेऊन घरातून निघाले. मी स्टँडपर्यंत येते म्हटलं तर नको म्हणाले. बेळगावच्या गाडीत न बसता कोल्हापूरच्या गाडीत बसले आणि कोगनोळी नाक्यावर उतरले. दिवसभर हायवेच्या कडेला ट्रक बघत बसून होते. चहाच्या टपरीवालीने संध्याकाळी पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला. ‘तुमचा माणूस रस्त्याच्या फार जवळ बसलाय, येऊन घेऊन जा,’ म्हणाली. मी आणि आई गेलो.

त्या दिवसापासून बोलत नाहीत. तुमचं पत्र उशाखाली ठेवलंय. वाचतात की नाही माहीत नाही. कंप्युटर उघडलेला नाही. त्या संस्थेचे निरोप ह्यांच्या मोबाईलवर येतात. त्या सटवीच्या अर्जाच्या दुसऱ्या वाचकाने मशीनचं ‘कृपा असावी’ तसंच ठेवलं होतं, ह्यांनी जागा मोकळी सोडली होती. तिसऱ्याने ह्यांना विचारलंय, तुम्ही ते का काढलंत? जानेवारी संपायच्या आत उत्तर आलं नाही तर दुसऱ्याचं वाचन कायम करतील.

मी काय करू, आज्जी?

सौम्या


जांबोटी
२८ डिसेंबर २०२५

भरमू दोन दिवस स्टॉपवर उभा राहिला. नऊ तारखेला शेवटच्या गाडीपर्यंत नि दहाला पहिल्या गाडीपासनं भटजी येईस्तोवर. प्रत्येक गाडीचा कंडक्टर त्याला इचारायचा, कुठं जायचं? तो म्हणायचा, कुठं न्हाय. तुझ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला स्टॉपवर खुळा ठरवलास.

हे पत्र सौरवला हाय. सौम्या, तू मोठ्यानं वाच. तो भिंतीकडं तोंड करून पडला असंल तर भिंतीकडं जाऊन वाच. तू काय करू इचारतेस ना? एवढं कर.

सौरव, दहा तारखेचं सांगते. भटजी आला. पोरगा न्हाय म्हटल्यावर म्हणाला, भावकीतला पुरुष बसवा. भरमू आंघोळ करून तयार होता. मी त्याला उठवलं. भरमू पाटावर बसला असता तर गावानं काय धरलं असतं? रवळूचा पोरगा संपला, असं. ज्याच्या जागी दुसरा बसतो तो संपला. म्हणून मी बसले. भटजी म्हणाला, आज्जी, बायका पाणी सोडत न्हाईत, शास्त्रात न्हाय. मी म्हटलं, पोथी काढा नि तसं कुठं लिहिलंय ते दाखवा. तो म्हणाला, ते लिहिलेलं नसतं, ते ठाऊक असतं. मी म्हटलं, मग तुमच्या पोथीत ती जागा फाटली असंल. फाटल्या जागी आपल्या मनाचं घालायचं नसतं. माझा नातू वाचणाऱ्यातला हाय, त्यानं सांगितलंय.

भटजीनं तोंड दाराकडं फिरवलं. मग मंत्र म्हणाला, तोंड तिकडंच ठेवून.

मी पाणी सोडलं. माझा हात आता हलतो, ठाऊक हाय तुला. अंगठ्या-बोटाच्या मधनं जायचं ते सगळीकडनं गेलं. पोटच्या पोराला पाणी द्यायचं म्हणजे काय ते तुला लिहून सांगणार न्हाय. त्याला पोचलं का, तेबी मला ठाऊक न्हाय. तिथं मी खूण करून सोडते.

आता तू. मला मेल्यात धर म्हणालास नि मग नाक्यावर जाऊन बसलास. ट्रक कशाला बघत होतास ते इचारत न्हाय. मला कळलंय. त्या टपरीवालीला भरमूच्या हातनं तांदूळ पाठवलेत. तिनं जेवढं ओळखलं तेवढं तुझ्या घरातल्यांनी मेपासनं ओळखलं न्हाय. मीबी न्हाय. मी सहीवरनं भांडत बसले.

मेल्यांना पाणी लागतं, नि ते जित्यांनी द्यायचं असतं. एकाला दिलं तेवढ्यात माझी कंबर धरली, अजून सरळ न्हाय. दुसऱ्याला द्यायचा जोर माझ्यात न्हाय. त्यामुळं तुला मरायला सवड न्हाय. हे मायेनं सांगत न्हाय. मला जमणार न्हाय म्हणून सांगते.

आरोही घास खात न्हाय म्हणतोस. टॉवेल काढ. पोर झाकलेल्याला भिते. तुझ्या आजोबाचा एक पाय सुकलेला होता, तुझा बाप त्याच पायावर बसून झोके घ्यायचा. रोज डोळ्यासमोर असलं की पोरांना ते पाय-बोटं काय वाटत न्हाय. दोन महिने रडंल, मग त्या हातावर नेलपॉलिश लावंल. मला पुतण्या-भाच्यांची कमी न्हाय, मी सांगते ते अनुभवाचं.

कारखान्याचं. भरमूचा मेहुणा बेळगावात कोर्टात शिपाई हाय, त्यानं एक वकीलबाई बघून दिलीय. ती म्हणाली, असले कागद तिनं लई बघितलेत, अर्ध्या बेळगावच्या खोल्यांत कडबा कापायची यंत्रं हायत. मिळंल का तर ठाऊक न्हाय म्हणाली. अर्ज कर म्हणाली. म्हणून तुझा अर्ज तू करायचा. उत्तर येणार न्हाय कदाचित. सटवीला तरी कुठं आलं? पण तिनं अर्ज केला म्हणून तिचं पोरगं ओझ्याखाली गेलं हे आज तुला नि मला ठाऊक हाय. न्हाईतर ते नुस्तं गेलं असतं.

आणि तिचं तुझ्याकडं अडकलंय. तू गप्प बसलास तर जानेवारी सरली की तिच्या तोंडात ‘कृपा असावी’ कायमचं बसवतील. पोरगं न्हेलं, नि वर आईनंच आभार मानले, असं. ती बाई आता उठून सांगायला येणार न्हाय. ते तू सांगायचं. आधी तिचं उत्तर दे, मग माझं. तिची तारीख जवळ हाय. माझी कुठं लिहिलेली न्हाय, पण तीबी लांब नसंल.

सौम्या, तू उत्तर लिहायचं न्हाय. तुझं अक्षर मला नको. मशीनवर छापलेलं आलं तर चुलीत घालीन, न वाचता. भरमू तोंडी निरोप घेऊन आला तर दारातनं परत लावीन, त्यालाबी सांगून ठेवलंय. सौरव, डाव्या हातानं लिही. वाकडं आलं तर नावं ठेवीन, आणि दोनदा वाचीन. अक्षरच उठत नसलं तर नांगर काढ. शेत तुझ्या नावावर झालंय, तुला ती निशाणी चालते.

पण उत्तर सौरव रवळू यानंच द्यायचं. दुसऱ्या कुणी न्हाय.

मनुबाई